मास्तरांचे वाढीव थेंब

ताईची बॅच नापास झाल्याचं मास्तरांनी मला ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक घरातलं कुणी दवाखान्यात असल्याचं सांगतात. आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, मग म्हणाले, "धाकटे, जरा बस."

मी बसले नाही. तपासणीच्या खोलीत बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर ते स्वतः बसले होते.

आमच्या कारखान्यात पोटातल्या जळजळीवर चघळायच्या गोळ्या होतात. ताई, माझी सख्खी मोठी बहीण, भिंतीपलीकडे मिक्सिंगमध्ये आहे आणि मी भिंतीअलीकडे तपासणीत. ती गोळीचं मिश्रण करायची, मी ती गोळी किती ॲसिड मारते ते बघायची, आणि दोघी संध्याकाळी एकाच घरी जायचो, कारण भावोजी गेल्यापासून ताई माझ्याकडे राहत होती. एका स्वयंपाकघरात दोन बहिणी वर्षभर नांदल्या तर काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मीठ ती ओट्याखाली ठेवते. का, ते विचारू नका. मी विचारलं होतं, तर दोन दिवस अबोला.

म्हणून मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, जेव्हा सांगितलं की ही बॅच ताईने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीच्या देखरेखीखाली काढायची, पास झाली तर मिक्सिंग तिच्या हाताखाली आणि नाही झाली तर दुसऱ्या पाळीतल्या सुपरवायझरच्या, तेव्हा आम्ही दोघीही मनातून एकाच गोष्टीची वाट बघू लागलो. वाढणाऱ्या पगाराच्या भरवशावर तिने स्वतःसाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मी त्या खोल्यांचे पडदेसुद्धा बघून ठेवले होते. तिच्यावर माझा जीव आहे, आणि तो तसाच राहायचा असेल तर ती स्वतःच्या घरात राहायला हवी.

आता नियम असा की रक्ताच्या नात्यातल्याने केलेला माल तपासायचा नाही. एरवी मिक्सिंगवर सुपरवायझरची सही असायची, त्यामुळे गोळ्या माझ्याकडेच यायच्या. या वेळी सही ताईची, तेव्हा गोळ्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांकडे इतके दिवस फक्त पावडरी होत्या. लिंबूसत्त्व वगैरे.

मास्तर हे काही टोपणनाव नाही, ते खरोखरच मास्तर. आम्हा दोघी बहिणींना शाळेत विज्ञान शिकवायला तेच होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इथे आले. ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची तोटीवाली काचनळी, कशी धरायची, तोटी डाव्या हाताने मागून कशी फिरवायची, हे मला त्यांनीच शिकवलं, एकदा शाळेत आणि पुन्हा एकदा इथे, कारण शाळेतलं मी विसरले होते. माणूस इतका भला की त्यांच्या वर्गात कधी कुणी नापास झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. काठावरून घसरणाऱ्या पोरांना ते अलगद दोन वाढीव गुण देऊन वर घ्यायचे, आणि पुन्हा त्या पोरांना कळूही द्यायचे नाहीत.

"कितीने गेली?" मी विचारलं.

"चौऱ्याण्णव टक्के आली. पंच्याण्णव हवी."

मी सरळ भिंतीपलीकडे गेले आणि ताईला फैलावर घेतलं. मिश्रण किती वेळ फिरवलं, पावडर चाळली होती का, ओलावा बघितला का. ताई टोपीखालून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या भुवयांवर पांढरी पूड बसली होती, त्यामुळे ती आमच्या आईसारखी दिसत होती, आणि आईसारखी दिसली की मला तिच्याशी भांडता येत नाही, याचाही मला राग आला. ती एवढंच म्हणाली की माझं काम मी केलंय, तुम्ही तुमचं नीट करा. "तुम्ही" म्हणाली. ताई मला "तुम्ही" म्हणते तेव्हा समजायचं की आज भाजी आपल्यालाच करावी लागणार.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी केली. त्र्याण्णव आली.

इथे ही तपासणी कशी होते ते सांगायला हवं. सरळ कामात, म्हणजे मास्तरांच्या लिंबूसत्त्वात, पावडर पाण्यात विरघळवायची आणि वरून ब्युरेटमधून कॉस्टिक, म्हणजे ॲसिड मारणारं अल्कलीचं पाणी, सोडायचं. पावडरीत जोर जितका जास्त, तितकं कॉस्टिक जास्त लागतं. सोपं. पण ही गोळी पाण्यात धड विरघळत नाही, आणि ॲसिडशी तिचं जमायलाही वेळ लागतो. म्हणून तिला बॅक टायट्रेशन. गोळी खलात कुटायची, तिच्या ताकदीपेक्षा जास्तीचं ॲसिड मोजून तिच्यावर ओतायचं, उकळायचं, आणि तिने आपल्या परीने मारून झाल्यावर जे ॲसिड उरलं तेवढं कॉस्टिकने मोजायचं. पाहुण्यांना किती जेवलात म्हणून विचारायचं नसतं, मागे पातेल्यात किती उरलं ते बघायचं असतं, तसंच हे. उरलं कमी, तर गोळी जोरकस. उरलं जास्त, तर गोळी दुबळी.

त्र्याण्णव ऐकल्यावर मी ठरवलं की दोष मास्तरांचाच. गोळी ॲसिडमध्ये पडली की फसफसते, गॅस निघतो, आणि तो गॅस उकळून घालवला नाही तर फ्लास्कमध्येच राहून उरलेल्या ॲसिडसारखा वागतो. त्याचा दोष बिचाऱ्या गोळीच्या माथी येतो. मास्तरांना घाई झाली असणार, उकळायचं राहिलं असणार. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी फक्त खिडकीच्या काचेकडे बोट दाखवलं. काच वाफेने इतकी धुरकटली होती की पलीकडचं झाड दिसत नव्हतं.

मग मी कॉस्टिकची बाटली तपासली. ताजं होतं. पिपेटचं टोक तपासलं, फुटलेलं नव्हतं. वजनकाटा तपासला. मास्तर माझ्या मागेमागे फिरत होते आणि मी काही खाली ठेवलं की पुसून जागेवर ठेवत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्या बॅचमधलीच एक गोळी चघळली.

तिसऱ्यांदा केली. ब्याण्णवच्या जरा वर.

जितकी तपासावी तितकी गोळी अशक्त होत चालली होती, जणू आमची दगदग तिलाच सोसत नव्हती. मास्तरांचा चेहरा तर बघवत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि तसाच मिटला. मॅडमनी निरोप पाठवला की संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर बॅच मोडीत काढा आणि सुपरवायझरला उद्यापासून यायला सांगा. जेवताना ताईने माझ्या डब्यातली चपाती काढून घेतली आणि स्वतःची मला दिली, कारण माझी करपली होती. तिच्या अशा वागण्याचं काय करायचं मला आजवर कळलेलं नाही.

दुपारी मास्तर चौथ्यांदा उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी. नियमाने मला हात लावता येत नव्हता. मी म्हटलं, हात नाही लावत, डोळे लावते.

त्यांनी गोळ्या कुटल्या, वजन केलं, ॲसिड ओतलं. उकळलं, थंड केलं. मी सारखी चुकीची वाट बघत होते आणि चूक काही येत नव्हती. इंडिकेटरचे थेंब टाकले, ॲसिड संपलं की ते गुलाबी होतात. ब्युरेट काठोकाठ भरून शून्यावर आणली, डोळे बरोबर त्या पातळीला नेऊन. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीला दाखवावं तसं सगळं. उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल फिरत होता, डाव्या हाताने थेंब पडत होते. गुलाबी यायची, विरायची. यायची, जरा रेंगाळायची, विरायची. मग एक थेंब पडला आणि अगदी फिकट, नखाच्या मुळाशी असते तशी गुलाबी आली आणि राहिली.

मास्तर थांबले. मनातल्या मनात अर्धं मिनिट मोजलं. रंग गेला नाही. झालं, असं म्हणून मी श्वास सोडला.

आणि मास्तरांनी दाराकडे एकदा बघितलं, आणि हलकेच, अगदी मायेने, तोटी पुन्हा फिरवली. एक थेंब. दोन. आणखी काही. मुलाच्या ताटात तो नको म्हणत असताना तूप वाढतात, तसे. फ्लास्क चांगला गडद झाला. मग त्यांनी आकडा वाचला.

मी फ्लास्ककडे बोट दाखवलं.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"रंग आला होता. टिकला होता. मग वरचे थेंब कशाला?"

त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, तेवढं बघायचं नसतं. काठावर आहे ती. दोन थेंब वर गेले तर कुणाचं काय जातं? मघाशी जरा जास्तच दिले मी, तरी पोरगी वर येईना. आता म्हटलं..."

"मास्तर, ब्युरेटमध्ये काय आहे?"

"कॉस्टिक."

"ते काय मोजतंय?"

"उरलेलं ॲसिड." हे त्यांनी वर्गातल्या आवाजात सांगितलं, फळ्याकडे पाठ करून सांगतात तसं. आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

फ्लास्क त्यांनी टेबलावर ठेवला. खूप सावकाश ठेवला.

"म्हणजे मी तिला वर नव्हतो घेत," ते म्हणाले. "खाली ढकलत होतो."

"तीनदा. आणि ही चौथी."

"मी उभ्या जन्मात कुणाला नापास केलं नाही गं."

"केलंत ना आता."

बोलल्यावर मला वाईट वाटलं, पण हसूही येत होतं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग. त्यांच्या डोक्याला सगळं ठाऊक होतं. विचारा, फळ्यावर लिहून देतील. पण हाताला पावडरींची सवय. तिथे थेंब वाढवला की माल वर जातो, आणि हा हात वर्षानुवर्षं, खडू धरत होता तेव्हापासून, काठावरच्यांना वर घेत आलेला. त्याला कुणी सांगितलंच नाही की इथे पातेल्यातलं उरलेलं मोजतायत.

मग आम्हा दोघांच्या मनात एकदमच ते आलं असावं, कारण ते पावडरींच्या कपाटाकडे बघायला लागले आणि मीही. तिथले थेंब उलटे नव्हते पडलेले. तिथे त्यांच्या मायेने खरोखरच कुणीकुणी पास झालं होतं.

"धाकटे, लिंबूसत्त्वाचं..." त्यांनी सुरुवात केली.

"आधी ताईचं बघू," मी म्हटलं. मला ते ऐकायचं नव्हतं. त्यांना इथून काढलं तर ते दिवसभर कुठे बसतील, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

मी ताईला बोलावलं. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती मास्तरांच्या पाया पडेल किंवा निदान माझी माफी मागेल, मिठाबद्दल तरी. तिने सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली आणि मास्तरांवर अशी तापली की मी दार लावून घेतलं.

"मला सूट देत होतात?"

"मदत करत होतो, मोठे."

"मी मागितली होती?"

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले.

"उद्या कुणाचं तरी पोट जळत असेल आणि तो ही गोळी चघळेल. त्याच्या पोटात मी केलेली गोळी जाणार, तुमचे थेंब नाही जाणार." मग माझ्याकडे वळून, "आणि तू हसू नकोस."

मी हसत नव्हते. माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

मी सुचवून बघितलं की आता चूक कळलीच आहे तर मास्तर गुपचूप एकदा नीट करतील आणि आपण मॅडमना नवा आकडा कळवू, चांगला आला की संपलं. ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी सुचवायचं थांबवलं. ती म्हणाली की मॅडमकडे तीन आकडे आधीच गेलेत, चौथा कुठून उगवला असं त्या विचारणारच, आणि त्यांच्यासमोर केल्याशिवाय मी तो आकडा घेणार नाही. "चांगला आला तरी घेणार नाही. माझं मिश्रण कसं आहे हे मला तरी कळू दे."

मॅडम आल्या. डोक्यावर चष्मा, हातात दुसरा चष्मा. काय झालं ते मास्तरांनीच सांगितलं, आम्हाला बोलू दिलं नाही. एका दमात, वर्गात उभं करून विचारल्यावर मुलं सांगतात तसं.

"किती थेंब टाकलेत?" मॅडमनी विचारलं.

"मोजले नाहीत. मनाला वाटतील तेवढे."

"मनाला," मॅडम म्हणाल्या, आणि डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "करा पुन्हा. आता माझ्यासमोर करा."

खोलीत आम्ही चौघं आणि एक स्टूल. मॅडमना द्यावं तर त्या बसेनात, म्हणून ते मधेच आडवं येत राहिलं. ताईला हात लावता येत नव्हता, मला लावता येत नव्हता. मास्तरांच्या हाताशिवाय दुसरा हात नव्हता. उकळण्याचा वेळ तर असा गेला की मी भिंतीवरचा पंखा पुसून काढला. ताई फ्लास्ककडे बघतच नव्हती. ती खिडकीबाहेर बघत उभी होती, दोन्ही कोपरं हातात धरून, आणि तिचा खालचा ओठ दाताखाली होता. ती लहानपणी इंजेक्शन घेताना असंच करायची. तेव्हा कुठे मला जाणवलं की माझ्या पडद्यांचं जाऊ दे, हिला स्वतःच्या कुलपाची किल्ली हवी आहे.

थेंब पडायला लागले. गुलाबी यायची, विरायची. मास्तरांनी वेग कमी केला, मग आणखी कमी. एक थेंब तोटीच्या टोकाला लोंबत राहिला आणि पडेना. त्यांनी तो फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवून घेतला आणि पाण्याच्या एका पिचकारीने खाली धुतला.

फिकट रंग आला. राहिला.

मास्तर थांबले. आणि मी बघितलं, त्यांचा डावा हात आपणहोऊन पुन्हा वर निघाला होता, तोटीकडे. त्यांना कळलंही नसावं. मग कळलं. त्यांनी उजव्या हाताने तो मनगटाशी पकडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, शाळेत ते आम्हाला उभं करायचे अगदी तसे.

आकडा मॅडमनी वाचला. हिशेब मॅडमनी केला. मग हिशेब मला करायला लावला, मग ताईला.

पंच्याण्णव आणि वर अर्धा. पास.

मला कुणाला तरी मिठी मारायची होती, पण ज्यांना मारावी असे दोघेही मारू देणाऱ्यांतले नव्हते. ताई म्हणाली, "एवढंच?" मॅडम म्हणाल्या, एवढं पुरतं, उद्यापासून मिक्सिंग तुझ्याकडे. ताईने मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेली. धन्यवाद नाही, काही नाही.

मॅडम दोन्ही चष्मे गोळा करून निघाल्या होत्या. मी मनात म्हणत होते, जाऊ देत, आता जाऊ देत. आणि मास्तर म्हणाले, "मॅडम, पावडरीही पुन्हा बघाव्या लागतील. माझ्या सगळ्या. तिथे थेंब सरळ पडलेत."

मॅडमनी परत येऊन कपाट उघडलं. त्या चिडल्या नाहीत, ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. मग म्हणाल्या की राखून ठेवलेले सगळे नमुने काढा, गोदामातला माल थांबवा, बाहेर गेलेल्यांचं मी बघते. तपासणी धाकटी करेल. मास्तर उद्यापासून फक्त वजनकाट्यावर. "काटा आपला आकडा आपण दाखवतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर दया करता येत नाही."

म्हणजे ताईला बढती, मास्तरांना काटा आणि मला कपाटभर लिंबूसत्त्व. न्याय झाला म्हणायचा.

सुटीची घंटा झाली. मी पिशवी घेऊन मिक्सिंगच्या दाराशी गेले, तर ताईने मशीन बंद करून त्याचं झाकण उघडलं होतं आणि ती कमरेपर्यंत आत गेली होती. फक्त पाय बाहेर. मी विचारलं, हे काय. आतून घुमणारा आवाज आला की पंच्याण्णव आणि अर्धा म्हणजे कुठेतरी पावडर चिकटून बसतेय, ती मिसळतच नाही, आणि कुठे बसतेय ते बघितल्याशिवाय मी घरी यायची नाही. मी म्हटलं, अगं पास झालीस. त्यावर आतून जे उत्तर आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आईने ऐकलं असतं तर तिने मला दोष दिला असता, तिला नाही.

मी दाराशी खोक्यावर बसले. थोड्या वेळाने मास्तर आले आणि शेजारच्या खोक्यावर बसले. आतून पाती खरवडल्याचा आवाज येत होता.

"नाराज का आहे ती?" त्यांनी हळूच विचारलं. "पास झाली ना?"

"मास्तर, तुम्ही ज्यांना पास केलंत त्यांचं पुढे काय झालं, कधी विचारलंत?"

त्यांनी खरोखरच विचार केला. त्यांना तो प्रश्न नवीन होता, हे दिसत होतं. "नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्गात जायची. मग दुसरे मास्तर."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि त्यांचा डबा उघडून त्यांना जेवायला घालावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

आतून ताईने हाक मारली. सापडलं होतं, पात्याच्या मुळाशी, पण उजेड पुरत नव्हता, कुणीतरी टॉर्च धरा. मी उठेपर्यंत मास्तर उठले. खिळ्याला टांगलेली टॉर्च घेऊन त्यांनी मशीनच्या तोंडाशी वाकून आत प्रकाश टाकला.

"जरा डावीकडे," ताई आतून म्हणाली. "आणखी. मास्तर, मी सांगते तेवढंच. त्याच्या पुढे नको."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि हात स्थिर धरून उभे राहिले.